अर्धशिशीची चाहूल लागल्यावर पहिल्या वीस मिनिटांत तुम्ही काय करता?

अबोली७ | रविवार, सकाळी ९:४०

नाशिकला सातवी-आठवीला गणित शिकवते. गेल्या मंगळवारी तिसऱ्या तासाला फळ्यावर 'समीकरण' लिहिलं, मागे सरकून बघते तर त्यातला 'मी' नाही. 'स' आहे, 'करण' आहे, मधे नुसता फळा. वाटलं, खडू नीट टेकला नसेल. परत गिरवायला गेले, नजर जरा हलली, तर 'मी' जागेवर आणि 'करण' गायब. तेव्हा कळलं की फळा ठीक आहे, बिघाड माझ्याकडे आहे.

दोन मिनिटांत त्या रिकाम्या जागेच्या कडेला नागमोडी रेघ चमकायला लागली, जायला आलेली ट्यूब फडफडते ना तशी. एक डोळा मिटून बघितला, दुसरा मिटून बघितला, दोन्हीकडे तेच. पंचवीस मिनिटांनी रेघ विझली आणि उजव्या भुवईवर घण बसायला लागले. मग रिक्षा, घर, पडदे, बादली. दुसरा दिवस रजा.

अर्धशिशी पंधरा वर्षं आहे. न्यूरॉलॉजिस्टला दाखवून झालंय, एमआरआय नॉर्मल, गोळी लिहून दिलेली आहे. माझा प्रश्न फक्त त्या वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. चाहूल लागली, दुखणं अजून यायचंय. तेव्हा तुम्ही नेमकं काय करता? गोळी लगेच घेतली आणि डोकं दुखलंच नाही तर उगाच घेतली असं वाटतं. थांबले तर उलटी होते आणि गोळीही बाहेर. सासूबाई म्हणतात, "जरा सोसून बघ, सारख्या गोळ्या बऱ्या नव्हेत." त्यांचंही अगदीच चूक वाटत नाही.

गुगल करून झालंय. अनुभव हवेत.

---

कडक_चहा | ९:५२

बिनदुधाची कडक कॉफी, पॅरासिटामॉल, डोक्यावरून ओढणी. याच क्रमाने. नावाला जागत नाहीये, माहीत आहे, पण दुधाचा चहा त्या वेळी पोटात टिकत नाही.

निळूभाऊ | १०:०५

मला चाहूलबिहूल काही लागत नाही. बायकोला लागते.

मी फ्रिज उघडून "यात एवढे डबे कशाला?" असं विचारलं की ती म्हणते, "उद्या डोकं दुखणार तुमचं." पंचवीस वर्षांच्या संसारात अंदाज चुकलेला नाही. मला आधी वाटायचं ती शाप देते.

कडक_चहा | १०:०९

निळूभाऊ, आमच्याकडे हे रोज विचारलं जातं. मग आमचे हे चोवीस तास चाहुलीतच आहेत म्हणायचे.

गडभटक्या | १०:३१

अबोलीताई, ती नागमोडी रेघ वाचून अंगावर काटा आला. मला ती पहिल्यांदा राजगडावर दिसली. संजीवनी माचीवर होतो, सकाळचे साडेदहा-अकरा. माचीची तटबंदी दुहेरी आहे, एका तटाच्या पुढे दुसरा, मधे अरुंद वाट. त्या वाटेवर चालताना उजवीकडे आणखी एक तट दिसायला लागला, कोनाकोनांचा, लखलखता. मित्राला म्हटलं, "हा तिसरा कुठला?" त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दंडाला धरून खाली बसवलं. शहाणा माणूस. त्या अवस्थेत मी पायऱ्या उतरायला लागलो असतो तर आज हा प्रतिसाद लिहायला नसतो.

इंग्रजीत या आकृतीला फोर्टिफिकेशन, म्हणजे तटबंदीच म्हणतात, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. जुन्या युरोपीय किल्ल्यांचे तारेच्या आकाराचे नकाशे असतात तशी दिसते म्हणून. गड बघायला गेलो आणि गडच डोक्यात बसला.

आता काय करतो: जिथे असेन तिथे बसतो. सावली, टोपी डोळ्यांवर, पाणी, गोळी. तासभर हलायचं नाही. ट्रेकमधल्या सगळ्यांना निघतानाच सांगून ठेवतो.

आजीचा_बटवा | ११:१५

सुंठ सहाणेवर पाण्यात उगाळून कपाळावर लेप. चरचरतं, पण उतार पडतो. नाकात साजूक तुपाचे दोन-दोन थेंब, हे मात्र रोज सकाळी, दुखत असताना नाही. आणि सगळ्यात जुना उपाय म्हणजे सूर्य उगवायच्या आत गरम दूध आणि जिलबी. सूर्य चढेल तसं चढणारं आणि कललं की उतरणारं दुखणं असतं, त्याला आयुर्वेदात सूर्यावर्त म्हणतात, त्यावर हे देतात. अर्धशिशीला अर्धावभेदक असं वेगळं नाव आहे. आमची आजी दोन्हीला जिलबीच द्यायची.

शिळोप्याचा_राजा | ११:२१

या संस्थळावर रोज फुटकळ धाग्यांच्या इतक्या जिलब्या पाडल्या जातात, तरी माझं डोकं दुखायचं थांबलेलं नाही.

निळूभाऊ | ११:२३

कारण त्या सूर्योदयानंतर पडतात. वेळ पाळा.

कडक_चहा | ११:२६

बटवाताई, चेष्टा सोडा, पण यात थोडं तथ्य असावं. रात्री लवकर जेवलेलं, पोट रिकामं. पहाटे साखर आणि दूध गेलं तर उपाशीपणाने उठणारं दुखणं टळत असेल. माझं अंगारकीला हमखास उठतं. चंद्रोदय रात्री नऊ वाजता, माझा सूर्यास्त दुपारी चारलाच.

आजीचा_बटवा | ११:४०

तेच तर. आजी कुणाला उपाशी ठेवायची नाही. अर्धशिशीवाल्याला उपास माफ, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. देवाला नंतर कळवायची.

रात्रपाळी | दुपारी १:५०

ड्युटी संपवून आत्ता वाचतेय. सरकारी रुग्णालयात मेडिसिनला आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, आणि स्वतः या दुखण्याची जुनी गिऱ्हाईक आहे. तेव्हा दोन्ही बाजूंनी लिहिते.

इथे दोन वेगळ्या चाहुलींची मिसळ झालीय. अबोली आणि गडभटक्या सांगतायत तो ऑरा. तो साधारण ५ ते ६० मिनिटं टिकतो, हळूहळू पसरतो, आणि अर्धशिशीवाल्यांपैकी तीन-चार जणांत एकालाच होतो. काहींना रेघांऐवजी बोटांना मुंग्या येतात, त्या हातावरून वर चढत ओठापर्यंत जातात. काहींना शब्द सापडत नाहीत. निळूभाऊंचा फ्रिज ही दुसरी चाहूल, प्रोड्रोम. ती काही तास ते दोन दिवस आधीची: चिडचिड, जांभया, मान आखडणं, गोड किंवा तिखट खायची हुक्की, सारखी लघवी, उजेड नकोसा होणं. ही खूप जास्त लोकांना होते, पण स्वतःच्या लक्षात येत नाही. वहिनींना आमच्या ओपीडीत पाठवा, जागा रिकामी आहे.

आता गोळी कधी. अर्धशिशीच्या झटक्यात पोट मंदावतं. गोळी जठरात नुसती पडून राहते, पुढे आतड्यात सरकत नाही, म्हणून उशिरा घेतलेली गोळी "लागू पडत नाही". ती वाईट नसते, पोचलेलीच नसते. म्हणून लवकर घ्यायची, आणि मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून डोमपेरिडोनसारखी मळमळीची गोळी सोबत. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, पॅरासिटामॉल या साध्या गोळ्या ऑरा सुरू झाला तेव्हाच घेतल्या तरी चालतात. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान हा ट्रिप्टान गट मात्र दुखायला लागल्यावर, दुखणं अजून हलकं असताना. नुसत्या ऑरात घेतल्याने पुढचं दुखणं टळेल याचा भरवसा नाही. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान अजिबात नको. आम्लपित्त, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन-नॅप्रोक्सेन विचारल्याशिवाय नको.

अबोली, तुझ्याकडची गोळी कुठल्या गटातली आहे ते बघ. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यावर आहे.

अबोली७ | २:२०

रिझाट्रिप्टान आहे, जिभेवर विरघळणारी. आणि मी ती नेहमी रेघ दिसली की घाबरून लगेच टाकायचे किंवा मग उलटी होईपर्यंत थांबायचे. म्हणजे दोन्हीकडे चुकले.

रात्रपाळी | २:२८

चुकलीस असं नाही, कुणी सांगितलं नाही तुला. चिठ्ठीवर "एसओएस", म्हणजे लागेल तेव्हा, लिहिलं की आमचं काम संपतं असं आम्हाला वाटतं. विरघळणारी असली तरी ती शेवटी पोटातूनच शोषली जाते. फायदा एवढाच की घोटभर पाणीही नको वाटतं तेव्हा घेता येते.

मांडवीकाठ | ४:०३

गोव्यात पर्यटकांची टॅक्सी चालवतो. माझा अनुभव वेगळा आहे, कारण मला बसायला जागाच नव्हती.

विमानतळावरून गिऱ्हाईक घेऊन येत होतो, नवीन झुआरी पूल चढलो आणि पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे मधले दोन आकडे गेले. पुलावर थांबायची सोय नाही. वेग कमी केला, डावी लेन धरली, इंडिकेटर चालू, आणि पूल उतरल्या उतरल्या गाडी बाजूला घेतली. मागचा साहेब चिडला, त्याला कुठे पार्टीला जायचं होतं. मी त्याला सांगितलं, "साहेब, मला तुमचं अर्धं तोंड दिसत नाही." तेव्हा तो गप्प. दुसरी गाडी बोलावून दिली, भाडं घेतलं नाही.

तेव्हापासून डॅशबोर्डात गोळी, काळा चष्मा आणि एका मित्राचा नंबर. आणि गाडीत मोगऱ्याचं अत्तर बंद. त्या वासानेच निम्म्या वेळा सुरू व्हायचं.

गडभटक्या | ४:१५

दंडवत. ते भाडं न घेणं विशेष.

विदाप्रेमी | संध्या. ६:४४

अत्तराने सुरू होतं की सुरू झालेलं असतं म्हणून अत्तर सहन होत नाही? हे तपासायला हवं. मी चॉकलेट सोडलं होतं पाच वर्षं, कारण खाल्लं की दुसऱ्या दिवशी डोकं. मग दीड वर्ष वही ठेवली. वहीत दिसलं ते उलटंच. चॉकलेट खावंसं वाटायच्या आधीच जांभया सुरू झालेल्या असायच्या. म्हणजे चॉकलेटची हुक्की हीच चाहूल होती. पाच वर्षं निष्पाप चॉकलेटला शिक्षा.

या विषयावरचं एक काम मला फार आवडतं. २०१६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अर्धशिशी असलेल्या एकाच व्यक्तीचा मेंदू सलग ३० दिवस रोज स्कॅन केला. दुखणं सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच हायपोथॅलॅमसचं काम बदललेलं दिसलं. भूक, झोप, तहान, जांभई, सगळ्यांचं ठाणं तिथेच. म्हणून निळूभाऊ फ्रिज उघडतात.

त्याआधी २००३ मध्ये रुग्णांना खिशातली इलेक्ट्रॉनिक डायरी देऊन केलेला अभ्यास आहे. आपली चाहूल ओळखणाऱ्यांचा "आता दुखणार" हा अंदाज जवळपास ७२ टक्के वेळा खरा ठरला.

निळूभाऊ | ६:५०

७२? आमच्याकडे १०० आहे. संशोधकांना पत्ता कळवतो.

मांडवीकाठ | ७:०२

विदाप्रेमी, अत्तराचं मला पटत नाही. गाडीत बसायच्या आधी मी ठणठणीत असतो. वास आला की अर्ध्या तासात कानशील. वही नाही, पण नाक आहे.

विदाप्रेमी | ७:१०

शक्य आहे. वास हा खरा ट्रिगर असलेले लोक आहेतच. माझं म्हणणं चॉकलेटपुरतं.

सडेतोड_नाना | रात्री ८:३३

स्पष्ट लिहितो, राग नसावा. आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतं. डोकं दुखलं तर रुमाल आवळून बांधायचा आणि कामाला लागायचं. आता रेघा काय, ऑरा काय. मोबाइल कमी करा.

मुकी_मैना | ८:५९

नाना, असं होतं. माझ्या आईला होतं. महिन्यातून दोनदा ती माजघरात रुमाल आवळून भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्हाला सांगितलेलं असायचं की आईची "कटकट" चालू आहे, आवाज करू नका. संध्याकाळी उठून भाकरी थापायची. तुमच्या घरातही कुणी तरी रुमाल बांधून कामाला लागतच असेल. ती काय भोगतेय हे विचारलं नसेल कुणी.

आता माझं. अबोलीच्या सासूबाई म्हणतात "सारख्या गोळ्या बऱ्या नव्हेत", त्याला माझं अनुमोदन आहे, पण कारण वेगळं. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अर्गोटामिन आणि कॅफिनची गोळी आणायचे. चिठ्ठी कधी कुणी मागितली नाही. सुरुवातीला महिन्याला दोन. मग चाहूल लागली की एक. मग चाहुलीची भीती वाटली की एक. मुलीच्या दहावीच्या वर्षी रोज सकाळी चहाबरोबर एक घेत होते आणि डोकं रोजच दुखत होतं. मेडिकलवाला मला बघितलं की न विचारता पट्टी काढून ठेवायचा. मला ते आपुलकीचं वाटायचं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता ही गोळीच डोकं दुखवतेय. एकदम बंद करायला लावली. ते दहा-बारा दिवस आठवायचे नाहीत. हात थरथरायचे, झोप नाही, उलट्या. रोजची वेगळी गोळी सुरू केली, झटका यायच्या आधीच रोखणारी. तीन महिन्यांनी एका सकाळी उठले आणि लक्षात आलं की डोकं हलकं आहे. इतक्या वर्षांत ते कसं असतं हेच विसरले होते.

चाहूल लागली की गोळी, हे बरोबर. पण चाहूल मोजा आणि गोळ्याही मोजा.

रात्रपाळी | ९:२०

मैनाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आकडे मी देते: ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा मिश्र गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, साध्या वेदनाशामक १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की औषधानेच उठणारी डोकेदुखी मागे लागते. आठवड्यात दोन दिवसांच्या वर गोळी लागायला लागली की डॉक्टरांकडे जा, प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन यातलं रोजचं काही बसतं का ते ते बघतील. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधीच सांगा, यातली काही चालत नाहीत. अर्गोटामिन तर नाहीच. आणि अर्गोटामिन व ट्रिप्टान एकाच दिवसात कधीच नाही, दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात.

बाजरीवाला | १०:११

अर्गोटामिन म्हणजे अरगटच ना? आमच्या बाजरीवर येतो तो? फुलोऱ्यात पाऊस लागला की कणसातून मधासारखा चिकट रस गळतो आणि दाण्याच्या जागी काळ्या गाठी धरतात. आम्ही पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात घालतो, दहा लिटरला दोन किलो मीठ. गाठी आणि फोल बी वर तरंगतात, ते काढून टाकायचं, खालचं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं. ती बाजरी गुरांनाही घालत नाही आम्ही. आणि तुम्ही त्याची गोळी करून खाताय होय.

रात्रपाळी | १०:२४

काका, नातं बरोबर ओळखलंत. औषधातला राय या धान्यावरच्या बुरशीतला, बाजरीवरची बुरशी त्याच कुळातली पण जात वेगळी, विषही वेगळं. युरोपात मध्ययुगात तसली राय खाऊन लोकांची बोटं काळी पडून गळायची. त्याच रक्तवाहिन्या आवळण्याच्या गुणाचा माफक डोस म्हणजे ती गोळी. मेडिकलवाल्याने आपुलकीने द्यायची वस्तू नाही.

शिळोप्याचा_राजा | १०:३०

जिलबीवरून बाजरीवर आलो. आता पिठलं कोण आणतंय?

जर्सीवाली | सोमवार, पहाटे ५:१५

इकडे न्यू जर्सीत मला युब्रोजेपँट दिलंय. ट्रिप्टानसारखं रक्तवाहिन्या आवळत नाही, सीजीआरपी नावाच्या रेणूचा रस्ता अडवतं. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झालं. २०२३ मध्ये याचीच एक चाचणी छापून आली, दुखायच्या आधी, प्रोड्रोममध्येच गोळी द्यायची. पुढच्या २४ तासांत मध्यम किंवा जोराचं दुखणं न आलेले गोळीवर ४६ टक्के, नुसत्या साखरेच्या गोळीवर २९. म्हणजे अबोलीच्या प्रश्नावर कुणी तरी पैसे घालून उत्तर शोधलंय.

पण गोळी महाग आहे. इन्शुरन्सने आधी दोन ट्रिप्टान निकामी ठरल्याचा पुरावा मागितला. मी दोन महिने फोनवर वाट बघण्याचं संगीत ऐकलं, त्या संगीतानेच तीनदा झटका आला.

विदाप्रेमी | ७:४०

तो २९ चा आकडाही बघा. काहीच औषध नसताना दहातले तिघं वाचले. म्हणजे लेप, जिलबी, कॉफी, टोपी, सगळ्यांना यश मिळण्याइतकी जागा आहे यात.

आजीचा_बटवा | ७:५५

हे मला टोचून बोलणं आहे का?

विदाप्रेमी | ८:०२

नाही हो. सुंठेची बाजू घेणारी चाचणीही आहे. इराणमध्ये १०० जणांवर सुंठपूड आणि सुमाट्रिप्टान यांची तुलना केली, २०१४ मध्ये छापली. दोन तासांनी दोन्हींचा उतार सारखाच निघाला. ही एकाच चाचणीची गोष्ट, आणि त्यात पूड पोटात घेतली होती, कपाळावर नाही. पण आजींना कळवा.

आजीचा_बटवा | ८:०६

आजी जाऊन वीस वर्षं झाली. तरी कळवते.

चिंताग्रस्त_आई | ११:३०

माझा मुलगा नऊ वर्षांचा. महिन्यातून एकदा पोट दुखतं, पांढराफटक पडतो, उलटी करतो, झोपतो आणि उठल्यावर क्रिकेट. शाळा बुडवायची नाटकं म्हणून मी दोनदा रागावले. माझ्या बहिणीला अर्धशिशी आहे. याचा काही संबंध?

रात्रपाळी | दुपारी २:०५

असू शकतो. काही मुलांत अर्धशिशी पोटातून येते, डोकं दुखेलच असं नाही. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून पोटाची बाकीची कारणं काढून टाका. कधी होतं, आदल्या रात्री झोप किती, नाश्ता केला होता का, तेवढं लिहून न्या. ॲस्पिरिन मुलाला देऊ नका. आणि त्याला एकदा सॉरी म्हणा.

ताजा कलम सगळ्यांसाठी: आयुष्यातली सगळ्यात जोराची, एका मिनिटात शिगेला पोचणारी डोकेदुखी, तापाबरोबर ताठ मान, एका बाजूचा हातपाय लुळा, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, किंवा तासाभरानंतरही न जाणारा ऑरा, यातलं काही असेल तर धागा वाचत बसू नका, दवाखाना गाठा. आणि ऑरा होणाऱ्या बायकांनी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेण्याआधी ऑराबद्दल सांगायचंच. पक्षाघाताचा धोका वाढतो, सिगारेट असेल तर आणखी.

गडभटक्या | ३:१२

एक गंमत. १९४१ मध्ये लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांपुढची तटबंदी दर काही मिनिटांनी कागदावर काढली आणि हिशेब मांडला की मेंदूत जे काही सरकतंय ते मिनिटाला ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय. तीन वर्षांनी लिआओ नावाच्या ब्राझीलच्या संशोधकाला सशाच्या मेंदूत तशीच सरकणारी लाट सापडली, वेग तोच. हे वाचल्यावर मी पण पेन्सिल घेऊन बसलो. पहिलं चित्र बरं आलं, दुसऱ्यात कागदच दिसेना. तिसऱ्यापर्यंत मी गोळी घेऊन आडवा. विज्ञानाचं नुकसान झालं.

पण भीती गेली. रेघ पुढे सरकत कडेला जाणार आणि विझणार, हे माहीत असलं की हात थरथरत नाहीत.

सडेतोड_नाना | रात्री ९:४५

मैनाताई, काल रात्री बायकोला विचारलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षांनी विचारताय." मोबाइलचा मुद्दा मागे घेतो.

मुकी_मैना | ९:५८

काकूंना नमस्कार सांगा.

---

अबोली७ | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी १२:२०

धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचा आहे.

तुम्ही सगळ्यांनी वही म्हणालात म्हणून वर्गात सहज विचारलं, "मी आजारी पडायच्या आधी वेगळी वागते का रे?" वाटलं होतं हसतील. मागच्या बाकावरचा एकजण, जो समीकरणं सोडून सगळं बघत असतो, म्हणाला, "बाई, तुम्ही फळ्यावर अक्षर मोठं काढायला लागलात की दुसऱ्या दिवशी बदली तास असतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीने सांगितलं की हजेरी घेताना जांभया देते. म्हणजे सगळ्या वर्गाला माझं वेळापत्रक पाठ होतं, मलाच नव्हतं.

आता खडूच्या डब्यात एका छोट्या डबीत रिझाट्रिप्टान, नॅप्रोक्सेन आणि मळमळीची गोळी. माझ्या न्यूरॉलॉजिस्टना विचारलं, त्यांनी रात्रपाळी म्हणाली तेच सांगितलं: रेघ दिसली की मळमळीची आणि नॅप्रोक्सेन, भुवईवर पहिला घण बसला की रिझाट्रिप्टान. मुख्याध्यापकांशी बोलून नकाशांची जुनी खोली मिळवली. खिडकीला फळकुट आहे, अंधार मिळतो, एक तुटका पृथ्वीगोल आणि सतरंजी. रेघ दिसली की मुलांना उदाहरणं घालते, शेजारच्या बाईंना खूण करते आणि तिकडे जाते. बर्फ शाळेत कुठला, म्हणून माठाच्या पाण्यात भिजवलेला रुमाल. मधली सुट्टी होईपर्यंत कुणी हाक मारत नाही.

तीन आठवड्यांत दोनदा झालं. पहिल्यांदा तासाभरात उठून पाचवा तास घेतला, डोकं जड पण घण नाहीत. दुसऱ्यांदा काहीही चाललं नाही, घरी जावंच लागलं, उलट्या, सगळं नेहमीसारखं. त्या दिवशी सकाळी घाईत नाश्ता राहिला होता. सासूबाईंनी न बोलता पेजेची वाटी आणून ठेवली. वाटीशेजारी पाण्याचा पेला आणि माझी गोळ्यांची डबी.

निळूभाऊ | १२:३४

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला आमच्या सौ.ची शिकवणी लावा. पुढे नाव काढेल.

रात्रपाळी | १२:५१

दोनातला एक टळला, हा चांगला निकाल आहे. तारखा लिहीत रहा. महिन्याला चारच्या वर गेलं तर परत दाखव.

मांडवीकाठ | १:१०

आणि ते 'समीकरण'? सुटलं का शेवटी?

अबोली७ | १:१८

मुलांनी सोडवलं. तिघांचं उत्तर चुकलं. मी नकाशांच्या खोलीत होते.